गिरणगावातल्या खोकल्याचा माग: शंभर वर्षांपूर्वीचा छातीचा रोग कागदांतून कसा शोधावा

‘पणजोबा गिरणीत होते, छातीच्या आजारानं गेले.’ लालबाग-परळपासून लांजा-संगमेश्वरपर्यंत हजारो घरांत हे एवढंच वाक्य शिल्लक आहे. कुठला आजार, कुठल्या साली, कुठल्या चाळीत, हे विचारलं की बोलणं तिथंच थांबतं. कागद मात्र बरंच काही सांगतात. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि त्यानंतर इथल्या म्युनिसिपालटीनं मृत्यू मोजायचा सपाटाच लावला. त्यामुळे साधारण १९०० ते १९२५ या काळातली शहरातल्या मरणाची आकडेवारी भरपूर सापडते.

एखादा भाग धरून, परळ म्हणा, कामाठीपुरा किंवा वरळी म्हणा, तिथल्या छातीच्या रोगांचा इतिहास घरबसल्या आणि थोडी पायपीट करून कसा लिहावा, ते इथं क्रमानं सांगतो. शाळेतल्या प्रकल्पापासून मंडळाच्या स्मरणिकेपर्यंत कशालाही हे उपयोगी पडेल. मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो: गिरणगावातल्या छातीच्या रोगाचा हिशेब मुंबईच्या कागदांत अर्धाच सापडतो, उरलेला अर्धा कोकणात आणि घाटावर आहे. शहरातले आकडे बघूनच निष्कर्ष काढणाऱ्यांची इथंच फसगत होते.

पहिली पायरी: भाग आणि वर्षं पक्की करा

‘गिरणगाव’ हे नाव कुठल्याही जुन्या तक्त्यात नाही. तक्ते वॉर्ड आणि सेक्शनचे, म्हणजे वॉर्डाच्या पोटविभागांचे असतात. त्या काळी शहर ए ते जी अशा सात वॉर्डांत विभागलेलं होतं. माझगाव, ताडवाडी, भायखळा, पहिला आणि दुसरा नागपाडा, कामाठीपुरा हे ‘ई’मध्ये, परळ, शिवडी, शीव ‘एफ’मध्ये आणि माहीम, वरळी ‘जी’मध्ये. आजचे एफ-दक्षिण, जी-दक्षिण हे तुकडे नंतरचे, ते जुन्या आकड्यांवर चिकटवू नका.

वॉर्डापेक्षा सेक्शन धरलेला बरा. ‘ई’ वॉर्डात भायखळ्याचे बंगलेही येतात आणि कामाठीपुऱ्यातल्या कोंदट गल्ल्याही. दोन्हींची सरासरी काढली की हाती येणारा आकडा कुणाचाच नसतो. सेक्शनच्या सीमा १९०९ साली निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्ये मिळतात. रस्त्यांची जुनी नावंही आधीच लिहून घ्या: डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, परळ रोड म्हणजे डॉ. आंबेडकर मार्ग.

वर्षं निवडताना १९११ आणि १९२१ ही जनगणनेची वर्षं आवाक्यात राहतील असं बघा. का, ते चौथ्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: कुठले कागद, कुठं

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे म्युनिसिपल कमिशनरचा वार्षिक अहवाल आणि त्यात जोडलेला आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल. शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे पद डॉ. जे. ए. टर्नर यांच्याकडे होतं. त्यांचे अहवाल नुसते कोरडे तक्ते नाहीत, त्यांत तक्रारी आहेत, चिडचिड आहे, कधी सरकारशी वादही आहे. जोडीला १९११ आणि १९२१च्या जनगणनेचे मुंबईवरचे खंड, शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अहवाल आणि १९२१ पासूनचं लेबर गॅझेट, म्हणजे कामगारांविषयीचं सरकारी मासिक.

महाराष्ट्राचं पुराभिलेखागार फोर्टात, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, ओळखपत्र न्या, आणि काय हवंय ते एका कागदावर नीट लिहून न्या. ‘जुन्या रोगांबद्दल काहीतरी’ असं सांगितलं तर तिथला माणूस तुम्हाला काय देणार? यातले बरेच खंड आता स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायलाही मिळतात, आधी ते चाळून पानांचे नंबर टिपून घेतले तर एक दिवस वाचतो.

एक बारीक गोष्ट. प्रशासकीय अहवालाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, मृत्यूंचे काही तक्ते मात्र जानेवारी ते डिसेंबरचे असतात. दोन्ही एकाच जिल्दीत असू शकतात. आकडा उतरवताना त्याच्या डोक्यावर कुठलं वर्ष छापलंय ते प्रत्येक वेळी बघा.

तिसरी पायरी: रकान्यांची नावं वाचायला शिका

इथं घाई करू नका, सगळं काम यावर उभं आहे.

मृत्यूच्या तक्त्यात ठराविक रकाने असतात: देवी, कॉलरा, प्लेग, गोवर, ताप, जुलाब-आव, श्वसनरोग, अपघात आणि ‘इतर सर्व’. क्षय कधी वेगळा दाखवलेला असतो, कधी दुसऱ्या रकान्यात मिसळलेला. ‘श्वसनरोग’ हा एकच रोग नाही. त्यात न्यूमोनिया आहे, ब्राँकायटिस आहे, दमा आहे, आणि निदान न झालेला क्षयही भरपूर आहे.

आता हे निदान करायचं कोण? बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखलाच नसे. स्मशानात किंवा कबरस्तानात नोंद करणारा कारकून नातेवाइकाला विचारी, ‘काय झालं होतं?’ नातेवाईक सांगे, ‘ताप होता, खोकला होता.’ पुढचा शब्द कारकून ठरवी. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण थुंकी तपासून निदान झालेला रोगी परळच्या चाळीत विरळाच. सहा महिने खंगून मेलेला माणूस ‘ताप’मध्ये जाई, नाहीतर ‘अशक्तपणा’ म्हणून ‘इतर सर्व’मध्ये.

त्यात लपवालपवी. क्षय म्हटलं की घरातल्या मुलींची लग्नं अडत. प्लेग म्हटलं की त्याहून वाईट, विशेषतः १८९७ नंतरच्या वर्षांत. घरात तपासणी पथक शिरणार, माणसं वेगळ्या छावणीत जाणार, सामान जाळलं जाणार. म्हणून प्लेगचे मृत्यू न्यूमोनिया, ताप अशा नावांखाली सरकवले जात. आरोग्य खात्यालाही हे ठाऊक होतं. प्लेगच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते मे, श्वसनरोगांचा आकडा एकदम फुगलेला दिसला तर ती थंडीची सर्दी समजू नका.

मग करायचं काय? तीन गोष्टी करा.

‘श्वसनरोग’, ‘क्षय’ आणि ‘ताप’ हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी उतरवा, एकटा श्वसनरोग कधीच नको. एका वर्षी क्षय घटला आणि श्वसनरोग तेवढाच वाढला, तर रोग बदललेला नसून बहुधा नोंद करायची पद्धत बदललेली असते. दुसरं म्हणजे महिनावार आकडे मिळाले तर तेच घ्या. न्यूमोनियाला हंगाम असतो, क्षय मात्र बारा महिने सारखाच माणसं नेतो, त्यामुळे मिसळलेल्या रकान्यातूनही अंदाज बांधता येतो. आणि तिसरं, एकूण मृत्यूंचा आकडा नेहमी जवळ ठेवा. कारण चुकीचं लिहिलं जाईल, पण मेलेला माणूस मेलेलाच असतो. जाळायला किंवा पुरायला न्यायचं तर नोंद चुकवणं शहरात सोपं नव्हतं.

चौथी पायरी: भागाकार कशानं करताय ते तपासा

नुसत्या मृत्यूंच्या संख्येला अर्थ नसतो. हजारी दर, म्हणजे हजार माणसांमागे किती मृत्यू, तो हवा, आणि दरासाठी लोकसंख्या हवी. मुंबईची लोकसंख्या १९११ साली ९,७९,४४५ होती आणि १९२१ साली ११,७५,९१४. मधल्या वर्षांसाठी वाढ समान धरून अंदाज काढतात. १९१८च्या मध्यासाठी तो साधारण ११.२ लाख येतो. पण युद्धाच्या काळात गिरण्या जोरात होत्या, माणसांचे लोंढे येत होते. वाढ अशी सरळ रेषेत झाली असेल का? शंकाच आहे. म्हणून दर लिहिताना ‘सुमारे’ लिहायला लाजू नका.

शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. गिरणगावात त्याहूनही कमी असणार, कारण कोकणी गडी एकटा यायचा. कर्ते पुरुष जास्त, म्हातारे कमी. अशा वस्तीत मृत्युदर खरं तर कमी दिसायला हवा. म्हणून परळचा आणि गिरगावाचा दर एकमेकांशेजारी ठेवून ‘फरक फारसा नाही’ असं म्हणणं म्हणजे तरण्याताठ्या गड्यांची तुलना म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट भरलेल्या घरांशी करणं. वयानुसार तक्ता मिळाला तर २० ते ४० हा गट वेगळा काढा.

सगळ्यात मोठा सापळा बालमृत्यूंचा. न्यूमोनिया आणि ब्राँकायटिसनं तान्ही मुलं मोठ्या संख्येनं जात, त्यामुळे हा विषय टाळता येत नाही. १९२१ सालचे आकडे प्रसिद्ध आहेत. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदलेल्या हजार जन्मांमागे ८२८ अर्भकं दगावली. दोन खोल्यांच्या घरांत ३२२, तीन खोल्यांच्या घरांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. भाषणांत आणि लेखांत हा ८२८ सर्रास येतो: ‘हजारांतली ८२८ मुलं मरत होती!’

थांबा. गिरणगावातली बाई बाळंतपणाला कुठं जायची? माहेरी, गावी. मूल जन्मलं गुहागरात, तिथंच नोंदलं गेलं किंवा नाहीच. तीन महिन्यांनी आई त्याला घेऊन मुंबईला आली आणि ते डिलाईल रोडच्या खोलीत दगावलं. मृत्यू मुंबईच्या खात्यात चढला, जन्म चढलाच नाही. शिवाय मुंबईत झालेले सगळे जन्मही नोंदले जात नसत. छेद लहान, अंश मोठा, म्हणून दर आभाळाला भिडलेला. फुगवटा काढूनही एका खोलीतल्या मुलाचं आणि चार खोल्यांतल्या मुलाचं नशीब सारखं नव्हतं, ती उतरण खरीच आहे. फक्त ८२८ हा आकडा ‘नोंदलेल्या जन्मांमागे’ या शब्दांशिवाय कधीही लिहू नका.

पाचवी पायरी: १९१८ची मानमोडी घेऊन हात बसवा

सराव करायला १९१८चा इन्फ्लुएंझा उत्तम. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. साथ थोड्या काळाची, तारखा ठाऊक, आणि आकडे भरपूर.

पहिली लाट जूनमधली. १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापानं रुग्णालयात दाखल झाले, मग गोदीतली माणसं, कचेऱ्या, गिरण्या. टर्नर यांचं म्हणणं, रोग जहाजातून आला आणि चोरपावलांनी शहरभर पसरला. त्यांनी बोट जहाजांकडे दाखवलं, तर सरकारी बाजूचा रोख शहरातल्या गर्दी-घाणीकडे होता. दोघांचीही सोय बघून बोललेलं आहे असं मला वाटतं. रोग आत आला तो बंदरातून, आणि फोफावला तो चाळीत, यात विसंगती काहीच नाही.

दुसरी लाट सप्टेंबरात उठली आणि तीच जीवघेणी ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू झाले. आता हिशेब करा. ११.२ लाखांत ७६८ म्हणजे एका दिवसात हजारी सुमारे ०.६९. हाच वेग वर्षभर टिकला असता तर चारांतला एक माणूस गेला असता. असा हिशेब वाचणाऱ्याला लगेच पोचतो, नुसता ७६८ पोचत नाही.

त्यात किती इन्फ्लुएंझाचे, हे रकान्यांवरून ठरवायच्या भानगडीत पडू नका. काही न्यूमोनियात गेले, काही तापात. त्यापेक्षा जादा मृत्यू काढा: १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर या काळातले १९१८चे एकूण मृत्यू घ्या, त्यातून आधीच्या तीन वर्षांतल्या त्याच काळाची सरासरी वजा करा. शरद ऋतूत प्लेगचा जोर नसे, त्यामुळे ही तुलना बऱ्यापैकी स्वच्छ येते. सेक्शनवार आकडे मिळाले तर प्रत्येक सेक्शनसाठी करा आणि कुठल्या सेक्शनमध्ये पट किती वाढला ते मांडा.

मग जातीचा आणि समाजाचा तक्ता बघा. त्या साथीत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३, पारशांचा ९.०, मुसलमानांचा १९.२, सवर्ण हिंदूंचा १८.९. आणि अहवालाच्या भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ यांचा ६१.६. सवर्णांच्या तिपटीहून जास्त! एकच शहर, एकच जंतू. या एका ओळीवर शंभर पानं लिहिता येतील. ही माणसं राहत कुठं, काम काय करत, आजारात त्यांना पाणी-पेज द्यायला घरात उभं कोण होतं, हे प्रश्न इथून सुरू होतात. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महाग होतं, हेही विसरू नका.

मदतीला कोण गेलं, हेही शोधा. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली काढलेली सोशल सर्व्हिस लीग आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या संस्थांनी औषधं, दूध, कपडे पोचवले. वर्तमानपत्रांतली त्यांची आवाहनं वाचली की कुठल्या गल्लीत कोण गेलं आणि कुठं कुणीच गेलं नाही, ते कळतं. दुसरी यादी जास्त बोलकी असते.

सहावी पायरी: खोली मोजा

कागद बाजूला ठेवून टेप घ्या. १९२१च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे दोनतृतीयांश लोक एकाच खोलीच्या घरांत राहत होते. ‘एक खोली’ म्हणजे काय हे आकड्यानं कळत नाही.

१९२२ साली सरकारनं नेमलेल्या एका डॉक्टर बाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर १५ फूट बाय १२ फुटांच्या खोलीत त्यांना सहा कुटुंबं सापडली. खात्री पटली ती जमिनीवरच्या सहा वेगवेगळ्या चुलींवरून. मोठी माणसं आणि मुलं मिळून तीस जण. सहांपैकी तीन बायकांचे दिवस भरत आलेले. १८० चौरस फुटांत तीस माणसं म्हणजे माणशी सहा चौरस फूट, तीन बाय दोनचा तुकडा. त्यात आडोशाला बांबूवर लावलेली गोणपाटं, आणि रात्री सहा चुलींचा धूर. खडूनं जमिनीवर तीन बाय दोनचा चौकोन आखून त्यात बसून बघा, झोपायचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या भागात जुनी चाळ अजून उभी असेल, आणि झपाट्यानं पडताहेत तेव्हा लवकर जा, तर एवढं टिपा: खोलीची लांबी, रुंदी, उंची. खिडकी किती, कुठं उघडते, व्हरांड्यात की मोरीवर? चूल कुठल्या कोपऱ्यात होती, धूर जायला वाट होती का? पोटमाळा मूळचा की नंतरचा? समोरची इमारत किती फुटांवर आहे? राहणाऱ्यांना विचारून, चहाला थांबून हे करा, टेप काढून थेट आत शिरू नका.

शेवटच्या मापाचा उपयोग मोठा आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं उजेड-वाऱ्यासाठी एक नियम धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर तिचा जमिनीशी कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नसावा. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं तरी मोकळं अंतर हवं. चाळीस फुटांची चाळ असेल तर मधे वीस फूट. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप घेऊन तळमजल्याच्या खिडकीत उभं राहिलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. कामाठीपुऱ्याच्या किंवा भुलेश्वरच्या एखाद्या घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, करून बघा. नंतर बीडीडी चाळींत करा. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला उठलेल्या त्या चाळींत अंतर बऱ्यापैकी सोडलेलं आहे, पण खोली तीच, १६० चौरस फुटांच्या आसपास. हवा बाहेर मोकळी झाली आणि आतली गर्दी तशीच राहिली.

अहवालांत पानोपानी ‘लोकांचं अज्ञान’ आणि ‘घाणेरड्या सवयी’ भेटतील: खिडक्या बंद करतात, कुठंही थुंकतात, गर्दी करून झोपतात. असं वाक्य दिसलं की त्याच भागाच्या खोलीचं भाडं आणि माप शोधून त्याच्यासमोर मांडा. जिथं हात पसरायला जागा नाही तिथं माणूस सुटसुटीत झोपणार कसा?

सातवी पायरी: गिरणीच्या आत

इथं कागद फार थोडे आहेत. कारखाना निरीक्षकांच्या अहवालात अपघात मोजलेले असतात, यंत्रात सापडलेली बोटं असतात, फुप्फुसं नसतात. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला तेव्हा धंद्यापायी होणाऱ्या रोगांच्या यादीत अँथ्रॅक्स, शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा होती, कापसाच्या धुळीचं नावही नव्हतं.

तरी खात्यांची रचना समजून घ्या. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये कापूस फोडला-पिंजला जाई, सगळ्यात जास्त धूळ तिथं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाची खूण अशी की सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता हलकी वाटते, वर्षं गेली की मग हलकी होतच नाही. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धूळ कमी, पण सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, वाफ सोडलेली, खिडक्या बंद. आणि धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या, भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायची पद्धत. एकच धोटा आज एकाच्या तोंडाला, उद्या बदलीवरच्या दुसऱ्याच्या. थुंकीतून क्षय पसरायला याहून सरळ वाट कोणती?

कामाचे तासही लिहून ठेवा: १९११च्या कायद्यानं कापड गिरणीत पुरुषाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ पासून ११ तास आणि आठवड्याला ६० तास. कोणत्या गिरणीत कोणतं खातं कुठल्या मजल्यावर होतं, हे निवृत्त कामगार अजून डोळे मिटून सांगतात.

आठवी पायरी: गावाकडचा कागद

आता तो दुसरा अर्धा.

मुंबईत लाखांवर माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली होती, त्याखेरीज सातारा, पुणे, नगरकडची. गिरणीत आजारी पडलेला गडी काय करी? थोडे दिवस अंगावर काढी, मग मुकादम बदली माणूस घेई, आणि खोलीतले गाववाले त्याला बोटीवर बसवून देत. पाचगणीला १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी काढलेलं बेल-एअर सॅनेटोरियम होतं, पण डोंगरावरची हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती कामगाराला परवडणारी नव्हती. क्षयावर औषध असं नव्हतंच, स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागायला १९४३ उजाडलं. म्हणून तो गावी जाई, पडवीत खाट टाकून पडे, आणि मरे तो मुंबईच्या तक्त्याबाहेर. जाण्याआधी घरातल्या दोघाचौघांना रोग देऊन.

त्यामुळे गिरणगावातला क्षयाचा मृत्युदर कागदावर आहे त्याहून कमी दिसतो. हे सिद्ध करायचं तर गावचं कोतवाल बुक बघायला हवं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. जातीच्या दाखल्यांसाठी अलीकडे लोक याच्या शोधात तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात खेटे घालतात, तेव्हा कुठं मिळतं ते गावात कुणाला तरी ठाऊक असेलच. जुनी बुकं बहुतेक मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या किंवा परवानगी काढून फोटो घ्या.

त्यात मृत्यूचं कारण एका शब्दात असतं: ताप, खोकला, हगवण, क्षय. तुम्ही बघायचं ते हे. २० ते ४५ वयाच्या पुरुषांचे मृत्यू वेगळे काढा. त्यांत खोकला-क्षयाचा वाटा किती, आणि त्याच वयाच्या बायकांत किती? गावातले मुंबईला कामाला गेलेले, म्हणजे मुंबईकर, जास्त असतील आणि पुरुषांकडचा वाटा ठळक जास्त निघाला, तर धागा लागला म्हणायचा. शेजारचं कमी मुंबईकर असलेलं गाव तुलनेला घेता आलं तर सोन्याहून पिवळं.

कोकणासाठी आणखी एक कसोटी आहे, कुणी करून बघावी अशी. पावसाळ्यात बोटी बंद असत. आजारी माणसाला दर्यामार्गे गावी धाडता येत नसे. मग जून ते ऑगस्ट या महिन्यांत मुंबईतले क्षयाचे मृत्यू जरा वाढलेले, आणि बोटी सुरू झाल्यावर कोतवाल बुकातले वाढलेले दिसतात का? पावसाळ्याची दमट हवा हेही वाढीचं कारण असू शकतं, म्हणून फक्त मुंबईचा आकडा पुरेसा नाही, दोन्ही टोकं हवीत.

नववी पायरी: माणसांशी बोलणं

१९१८ पाहिलेलं आता कुणी नाही, पण ऐकलेलं सांगणारे आहेत. ‘क्षय होता का?’ असं थेट विचारू नका, उत्तर ‘नाही’च येणार. त्यापेक्षा विचारा: शेवटी किती दिवस अंथरुणाला होते? ताटवाटी वेगळी ठेवली होती का? रात्री खोकायचे का, घाम यायचा का? मुंबईहून आल्यावर किती दिवसांनी गेले? ताटवाटी वेगळी होती म्हटलं की पुढचं समजून घ्यायचं. साल आठवत नसेल तर मानमोडीच्या आधी की नंतर, संपाच्या आधी की नंतर, असं विचारा. १९१९च्या जानेवारीतल्या गिरणी संपाची खूण पुष्कळ घरांत राहिलेली आहे.

बायकांकडून ऐकायचं राहू देऊ नका. वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, काम करणारी पणजी, खानावळ चालवणारी आजी, या नोंदवहीत ‘अमक्याची बायको’ म्हणून येतात किंवा येतच नाहीत. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईचा दमा कुठल्याच तक्त्यात धंद्याचा रोग म्हणून चढला नाही.

लिहायला बसताना

सेक्शन, काळ, आणि कुठल्या कागदावरून लिहिताय हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. आकडा, मग त्याच्या नोंदीतली खोट, मग तुमचा अंदाज, या क्रमानं चला. अंदाजाला अंदाजच म्हणा. आलेख एकच पुरे: तीन रकाने, पंचवीस वर्षं, १९१८चं शिखर वेगळ्या रंगात.

कोतवाल बुकातली नावं छापू नका, त्या घरातली माणसं अजून गावात राहतात, आणि क्षयाची लाज शंभर वर्षांनीही पुरती गेलेली नाही. आडनाव गाळून वय, साल, गाव एवढं पुरतं. स्वतःच्या घराबद्दल लिहीत असाल तर भावकीतल्या मोठ्यांना आधी वाचून दाखवा. छापल्यावर एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत आणि एक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या. मोडीतल्या पानांचे फोटो मात्र तारीखवार नावं देऊन दोन ठिकाणी साठवून ठेवा, कारण त्या वह्या वाळवी आणि कोकणातला पाऊस यांच्या ताब्यात आहेत.